पोर्वरीच्या ताईंना उत्तर: स्पायडर प्लांट आणि कुंडीतल्या ‘अळ्या’

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार आणि दोन फोटो. एप्रिलात आमच्या म्हापशाच्या नर्सरीतून १८० रुपयांना स्पायडर प्लांट नेलंत, रोज न चुकता पाणी घातलंत, जुलैत ते पिवळं पडून मेलं. उपटलंत तर मातीत जाड पांढऱ्या अळ्या. ‘हे लोक रोगट झाडं विकतात’, हे तुमचं शेवटचं वाक्य.

आधी अळ्यांचं. फोटो मोठा करून दोनदा पाहिला. त्या अळ्या नव्हेत, झाडाच्या मुळांच्याच गाठी आहेत. हे झाड मूळचं आफ्रिकेतलं. पाऊस लांबला तर हाताशी असावं म्हणून ते पाणी असं मुळांत साठवून ठेवतं. पावसाळ्यात कोकणात फोडशीची भाजी करतात ना, ती याच्या नात्यातली. सफेद मुसळीही तशीच, आणि मुसळी म्हणून जे विकलं जातं ती तिची हीच फुगलेली मुळं. (पण तेवढ्यावरून कुंडीतल्या गाठी कोणी चाखून बघू नका.)

मात्र तुमच्या फोटोत निम्म्या गाठी तपकिरी आणि पिचपिचीत झाल्यात. म्हणजे झाड कुजून मेलं, जास्त पाण्यानं.

आता आमची चूक. ‘रोज थोडं पाणी घाला’ हे आमच्याच मुलानं सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. त्याला विचारलं, तो नाही म्हणाला नाही. एप्रिलात आमच्याकडे उघड्यावर, छोट्या काळ्या पिशव्यांत झाडं असतात, त्यांना रोज पाणी लागतंच. तो त्याला माहीत होतं ते बोलला. पण घरातल्या कुंडीचं गणित वेगळं, आणि जून लागला की तर पारच वेगळं. ज्या दिवसांत आपले कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, त्या दिवसांत कुंडीतली माती कशी वाळणार? त्यात कुंडी ठेवलीत बिनभोकाच्या पांढऱ्या भांड्यात. तेही आम्हीच विकलेलं. तळाशी पाणी साचत गेलं आणि वरून कुणाला दिसलं नाही.

मातीत बोट दोन पेरं घालून बघायचं. कोरडं लागलं तरच पाणी, तेही खालच्या भोकातून निथळेपर्यंत, आणि थाळीत उतरलेलं ओतून टाकायचं. पावसाळ्यात मधे आठ-दहा दिवसही जातात. एखाद्या वेळी विसरलात तर हे झाड रागावत नाही, त्या गाठी त्यासाठीच आहेत.

पहिल्या फोटोतली, मे महिन्यातली तपकिरी टोकं ही निराळी गोष्ट. कुंडी एसीच्या झोताखाली आहे, तिथली कोरडी हवा एक कारण. नळाच्या पाण्यातले क्षार, क्लोरीन, फ्लोराइड हे दुसरं. जास्त खतानंही असं होतं. टोकं वाळल्यानं झाड मरत नाही, कात्रीनं छाटून टाकायची. खिडकीजवळ उजेडात ठेवा, थेट दुपारचं ऊन नको. पाणी पावसाचं घाला, आपल्याकडे चार महिने फुकट मिळतं. फक्त बादली झाकून ठेवा, नाहीतर डास होतील.

‘हवा शुद्ध करणारं झाड’ ही पाटी आमचीच. नासाचा १९८९ चा अहवाल त्यामागे सगळे सांगतात, पण ते प्रयोग बंद पेट्यांत झाले होते. घरात दारं-खिडक्यांतून हवा खेळते. २०१९ मध्ये अशा जुन्या प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला गेला. त्यात निघालं की खिडकीतून येणाऱ्या हवेइतका परिणाम हवा असेल तर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील. म्हणजे लहानशा बेडरूमलाही शंभरेक कुंड्या. धंदा म्हणून मला चालेल, पण तुम्ही झोपणार कुठे? पाटी काल उतरवली.

‘रोगट’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. मेमधल्या त्याच फोटोत झाडाला लांब दांडी फुटलीय आणि तिच्या टोकाला दोन पिल्लं, म्हणजे छोटी रोपं, लोंबताहेत. रोगट झाडाला इतकं जमत नाही.

१८० रुपये आणि त्या भांड्याचे पैसे परत देतो, बिल नसलं तरी चालेल. शुक्रवार सोडून या, बाजाराच्या दिवशी इथं गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि ती पिल्लं फेकली नसतील, अजून हिरवी असतील, तर आजच एका पेल्यात बूड बुडेल एवढ्याच पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं दिसतील. मग ती घेऊन या, कुंडी आमच्याकडून. भोक मी स्वतः बघून देतो.