कप्पा विषारी, मग साबुदाणा कशाचा?

शेजारच्या मल्याळी काकूंनी प्रेमाने दिलेला उकडलेला कप्पा (केरळात खातात तो कंद) माझ्या आत्याने परवा गुपचूप कचऱ्यात टाकला. कारण काय, तर सोसायटीच्या ग्रुपवर आलेला 'नवी मुंबईकरांनो सावधान' हा मेसेज. आत्याला मी काही बोललो नाही. मेसेज लिहिणाऱ्याला मात्र सोडणार नाही.

त्याचं म्हणणं असं: नेरुळ-सीवूड्सच्या केरळी दुकानांत कप्पा नावाचा सायनाइडवाला कंद विकतात; आंध्रातून येणाऱ्या रोहू-कटला माशांना फॉर्मेलिन हे टिकवायचं रसायन लावलेलं असतं; वाशी मार्केट पूर्वी आपलं होतं, ते बाहेरच्यांनी गिळलं. तेव्हा या एकादशीला आपलं परंपरेचं, सात्त्विक तेच खा. आणि खाली फोटो कशाचा? साबुदाण्याच्या खिचडीचा!

अहो महाराज, साबुदाणा त्याच कंदापासून करतात. टॅपिओका म्हणा, कसावा म्हणा, कप्पा म्हणा. तमिळनाडूत सेलमच्या आसपासच्या कारखान्यांत हा कंद सोलून, कुटून, धुऊन त्याचा स्टार्च काढतात आणि त्याचे दाणे वळतात. आपल्याकडचा उपास बव्हंशी त्या भागावर चालतो.

सायनाइडचं म्हणाल तर ते साफ खोटं नाही, एवढं नाइलाजाने मान्य करतो. कच्च्या कसाव्यात सायनाइड सुटू शकेल अशी द्रव्यं असतात, कडू जातींत जास्त, गोड जातींत कमी. एफएओ आणि डब्ल्यूएचओ मिळून चालवतात त्या कोडेक्स या अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेचं गोड कसाव्यासाठी 2003 चं मानक आहे: ताज्या कंदात किलोमागे 50 मिलिग्रॅमपेक्षा कमी हायड्रोजन सायनाइड. कंद कच्चा खायचा नाही, सोलून, तुकडे करून, धुऊन पूर्ण शिजवायचा आणि ते पाणी पोटात जाऊ द्यायचं नाही, हेही त्यातच लिहिलंय. केरळातल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात: सोला, उकडा, पाणी ओता. मग मीन करीबरोबर, म्हणजे माशाच्या कालवणाबरोबर खा. आत्याच्या डब्यात आला होता तो असाच उकडलेला. ज्यांच्या हाताला हे वळण आहे त्यांनाच आपण विष विकणारे ठरवतोय.

आता 'परंपरेच्या' खिचडीतलं उरलेलं सामान बघू. बटाटा अँडीज पर्वतातला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, हिरवी मिरची मेक्सिकोच्या बाजूची. कसावाही तिकडचाच. कोलंबसाच्या आधी यातलं एकही भारतात नव्हतं. जिरं वाशीच्या मसाला मार्केटात येतं ते बरंचसं गुजरातच्या उंझ्याचं. तूप तेवढं निर्विवाद आपलं. (वरणातल्या हिंगाबद्दल बोलूच नका. ते अफगाणिस्तान-इराणकडून येतं. हिमाचलात लाहौलला त्याची लागवड सुरू केली तीच 2020 साली.)

फॉर्मेलिनची भीती अगदी हवेतली नाही. 2018 मध्ये केरळात तसे मासे पकडले गेले, गोव्यानेही बाहेरची मासळी काही काळ थांबवली. पण रसायन लावणारा राज्य बघून लावत नाही. मासा लांबून आला की ताजेपणाचा प्रश्न येतो, मग तो कटला असो की सुरमई. 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे यांत्रिकी बोटींना बंदी असते, तेव्हा ताटात येणारी सुरमई कुठून येते ते बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या कोळणीला विचारा. ती सांगेल, खोटं नाही बोलायची.

राहिलं वाशी मार्केट. भाजी आणि फळांचा घाऊक बाजार भायखळा-क्रॉफर्ड मार्केटहून इकडे आला तो 1996 मध्ये. मुंबईचे बाजार इकडे हलवण्याआधी तिथे कुठलं 'आपलं' मार्केट होतं? जमीन आगरी-कोळ्यांची, ती नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतली. माथाडी सातारा-सांगलीचे, पुण्याकडचे. व्यापारी पेढ्यांवर कच्छी, गुजराती आणि जुन्नर-आंबेगावचेही. कांदा नाशिकचा, बटाटा आग्रा-इंदूरचा, मिरची ब्याडगी-गुंटूरची. यातून 'बाहेरचे' वजा केल्यावर गाड्या खाली करायला, तोलायला आणि माल उचलायला कोण उरतं, ते मेसेजवाल्याने एकदा पहाटे चार वाजता तुर्भ्याला, याच मार्केटात येऊन मोजावं.