८९० वरून माल कुठला ते कळत नाही

सणासुदीची खरेदी जवळ आली की कोल्हापुरातल्या सोसायट्यांच्या, तालमींच्या, भिशीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. मजकूर साधारण असा: ‘बारकोडचे पहिले तीन अंक बघा. ८९० असेल तर वस्तू भारतात बनलेली, ६९० ते ६९९ असेल तर चीनची. बारकोड नसेल तर माल डुप्लिकेट. मोबाइलवर स्कॅन करा, किंमत आणि एक्स्पायरी खरी की खोटी ते कळेल. देशासाठी पुढे पाठवा.’

पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून त्याला कुणी अडवत नाही. मला अडवावंसं वाटतं, कारण या मेसेजचा फटका आपल्याच माणसांना बसतो.

पहिला दावा ८९० चा. बारकोडचे क्रमांक जीएस-वन ही आंतरराष्ट्रीय संस्था वाटते आणि देशोदेशी तिच्या संस्था आहेत. क्रमांक ८९० ने सुरू झाला याचा अर्थ एवढाच, की कंपनीनं तो भारतातल्या संस्थेकडून घेतला. गाडीवर एमएच ०९ दिसलं तर तिची नोंदणी कोल्हापूरची, इतकंच आपण म्हणतो. ती गाडी कोल्हापुरात तयार झाली असं कुणी समजत नाही. समजा, शाहूपुरीतल्या एखाद्या व्यापाऱ्यानं चीनमधून खेळणी मागवली आणि स्वतःच्या ब्रँडच्या खोक्यात भरून विकली, तर खोक्यावर ८९० च येईल. उलट, इचलकरंजीत शिवलेला शर्ट परदेशी ब्रँडसाठी असेल तर त्याच्यावर त्या ब्रँडचा परदेशी क्रमांक असू शकतो. मेसेजचा नियम लावला तर पहिला माल स्वदेशी ठरतो आणि दुसरा परका. घरातलं एखादं अलीकडचं मराठी पुस्तक उलटून पाहा. मागच्या बारकोडची सुरुवात बहुधा ९७८ ने असेल. जगभरच्या पुस्तकांसाठी ९७८ आणि ९७९ राखून ठेवले आहेत, त्यांचा कुठल्याही देशाशी संबंध नाही.

मग चीनचा माल ओळखायचा कसा? पाकीट उलटून छापील मजकूर वाचायचा. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचं, पॅकिंग करणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. माल आयात केलेला असेल तर तो कोणत्या देशाचा हेही लिहावं लागतं.

स्कॅन केल्यावर किंमत आणि एक्स्पायरी कळते हा दावा का चुकतो, ते बारकोड कशासाठी जन्माला आला हे पाहिलं की समजतं. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेत किराणा दुकानांच्या एका साखळीचे प्रमुख विचारणा करायला आले होते, की काउंटरवर मालाची नोंद आपोआप घेता येईल का. ते बोलणं बर्नार्ड सिल्व्हर या विद्यार्थ्याच्या कानावर पडलं आणि त्यानं ते मित्राला, जोसेफ वुडलँडला सांगितलं. वुडलँडला मोर्स कोड, म्हणजे तारायंत्राची टिंबं आणि रेघांची लिपी, येत होती. मायामीच्या समुद्रकिनारी बसून त्यानं वाळूत टिंबं आणि रेघा काढल्या, बोटांनी त्या खाली ओढल्या आणि जाड-बारीक पट्ट्यांची कल्पना सुचली. १९५२ मध्ये दोघांना पेटंट मिळालं, पण त्या पट्ट्या वाचणारा लेझर आणि परवडणारा कॉम्प्युटर यायला आणखी वीसेक वर्षं लागली. आज दिसतो तसा उभ्या रेघांचा बारकोड आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांनी घडवला आणि १९७३ मध्ये अमेरिकेतल्या किराणा उद्योगानं तो स्वीकारला. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटात च्युइंगगमचं एक पाकीट त्यावरून पहिल्यांदा विकलं गेलं.

काउंटरवरची रांग लवकर सरावी आणि गल्ल्यावर चूक होऊ नये, यासाठी हा सगळा खटाटोप होता. म्हणून त्या तेरा अंकांत कंपनीचा आणि वस्तूचा क्रमांक असतो, आणि शेवटचा अंक पडताळणीचा. तो घरी काढून बघा, मुलांना फार आवडतं. पहिल्या बारा अंकांतले विषम जागांवरचे अंक मिळवा. सम जागांवरच्या अंकांची बेरीज करून तिला तीननं गुणा. दोन्हींची बेरीज पुढच्या दहाच्या पटीला न्यायला जेवढे कमी पडतात तो तेरावा अंक. बेरीज मुळातच दहाच्या पटीत असेल तर शून्य. एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर हा हिशोब जुळत नाही आणि मशीन तो क्रमांक नाकारतं.

किंमत दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये असते. क्रमांक तिथं पोचतो आणि तिथून भाव येतो. त्यामुळेच पाकिटावरचा बारकोड न बदलता दुकानदार सवलत देऊ शकतो, आणि शेल्फवर किती नग उरले तेही त्याला कळतं. अपवाद एकच सांगतो: दुकानात वजन करून बांधलेल्या डाळीच्या किंवा भाजीच्या पुडीवर २ ने सुरू होणारा क्रमांक असतो, त्यात दुकान स्वतःपुरतं वजन किंवा रक्कम घालू शकतं. एक्स्पायरी मात्र नेहमीच्या तेरा अंकी बारकोडमध्ये नसते. मोबाइल अ‍ॅप स्कॅन करून जे दाखवतं ते त्याच्याकडे साठवलेल्या नोंदीतून येतं.

आता तो दावा ज्याचा मला खरोखर राग येतो: ‘बारकोड नाही म्हणजे डुप्लिकेट.’ बचत गटाच्या बायका उन्हाळ्यात मिरची कांडून कांदा-लसूण चटणी करतात, पत्ता आणि परवाना क्रमांक छापून पाकिटं विकतात, आणि कुणीतरी मेसेज दाखवून पाकीट परत ठेवतं. सर्वसाधारण मालावर बारकोड असलाच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. मॉलला आणि ऑनलाइन विक्रीला तो लागतो, आणि तो घ्यायचा तर शुल्क भरावं लागतं. मार्केट यार्डातल्या गुळाच्या रव्यावर बारकोड नसतो, पण कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. नक्कल करणाऱ्याला तर बारकोडची अडचणच नाही. अस्सल पाकिटावरच्या रेघा छापल्या की स्कॅनर तेच नाव दाखवतो. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी परवाना क्रमांक शोधा, त्याची खातरजमा सरकारी संकेतस्थळावर करता येते.

स्कॅन करायचंच असेल तर औषधं करा. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषध ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे आणि त्यात उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख असावी लागते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर तो आहे का ते बघा, आणि स्कॅनमध्ये दिसणारा बॅच क्रमांक छापलेल्या क्रमांकाशी ताडून पाहा.