नागपूरकरांनी देवगड एकदा तरी पाहावा

थंडी सुरू झाली की आपल्याकडे सहलींचे बेत होऊ लागतात आणि ते बहुधा पेंच, ताडोबा किंवा पचमढीपाशी येऊन थांबतात. सावनेर-सौंसरमार्गे छिंदवाड्याकडे आणि तिथून पचमढीला जाणाऱ्या नागपूरकरांपैकी फार थोडे लोक वाट वाकडी करून मध्य प्रदेशातल्या मोहखेड तालुक्यातल्या देवगड किल्ल्याकडे जातात, याचे मला नेहमी नवल वाटते. कारण ज्या गोंड राज्यातून आपले शहर जन्माला आले, त्या राज्याची ती जुनी राजधानी आहे. (हापूसच्या देवगडाशी किंवा यादवांच्या देवगिरीशी याचा काही संबंध नाही, हे सांगून ठेवलेले बरे.)

देवगडच्या गोंड सत्तेचा पाया घालणारा जाटबा हा अकबराचा समकालीन. त्याचा उल्लेख ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. याच घराण्यातला बख्त बुलंद शाह सतराव्या शतकाच्या शेवटी औरंगजेबाच्या दरबारात गेला, त्याने इस्लाम स्वीकारून गादीसाठी बादशहाचा पाठिंबा मिळवला आणि पुढे त्याच बादशहाविरुद्ध तलवार उपसली. त्यावर चिडून औरंगजेबाने ‘बख्त बुलंद’ म्हणजे थोर नशिबाचा हे नाव फिरवून त्याला ‘निगून बख्त’, म्हणजे फुटक्या नशिबाचा, म्हणायला सुरुवात केली. या माणसाने १७०२ च्या सुमारास बारा लहान खेडी एकत्र करून नागपूर वसवले. त्याच्यानंतर आलेल्या चाँद सुलतानाने राजधानी इकडे आणली, शहराला तटबंदी घातली आणि जुम्मा तलाव बांधला. आज त्या तलावाला आपण गांधीसागर म्हणतो आणि महालातल्या जुम्मा दरवाजाला गांधी गेट. चाँद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचे भांडण मिटवण्यासाठी रघूजी भोसल्यांना बोलावले गेले आणि पुढे सत्ताच त्यांच्याकडे आली. नागपूरचा इतिहास भोसल्यांपासून सांगायची आपली सवय जुनी आहे, पण त्या गोष्टीचा पूर्वार्ध देवगडच्या डोंगरावर पडून आहे.

तो विस्मरणात जाण्याचे एक कारण मला सीमारेषेत दिसते. १९५६ पूर्वी नागपूर आणि छिंदवाडा एकाच राज्यात होते. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि देवगड पलीकडे राहिला, त्यामुळे महाराष्ट्रातल्या गडकोटांच्या यादीत तो येत नाही. दुसरे कारण मात्र आपल्या मनातले आहे. गड म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर फक्त सह्याद्री येतो. २०२५ मध्ये युनेस्कोने बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली याचा मलाही मनापासून आनंद झाला. त्या बारांमध्ये विदर्भातला एकही नाही, आणि विषयच मराठ्यांच्या लष्करी दुर्गव्यवस्थेचा असल्यामुळे त्यात गैर काही नाही. पण देवगड, चंद्रपूर, बल्लारपूर ही गोंडांची दुर्गपरंपरा स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगी आहे, आणि ती आपण नागपूरकरांनी अभ्यासायची नाही तर कोणी?

किल्ला पडका आहे, हे आधीच सांगतो. सातपुड्याच्या दाट जंगलात, खोल दऱ्यांनी वेढलेल्या डोंगरावर नगारखान्याची कमान, बादल महालाचे अवशेष, एक पडकी मशीद आणि ‘मोती टाँका’ नावाचे टाके एवढे ठळकपणे दिसते. उरलेले झाडोऱ्यातून शोधावे लागते. कमानींवर मुघल धाटणीची छाप आहे, आणि दरबारी संबंध लक्षात घेता ते स्वाभाविकच आहे. मला स्वतःला महालापेक्षा इथले पाणी अधिक मोलाचे वाटते. पायथ्याच्या गावात आणि आसपासच्या शिवारात दगडी पायऱ्यांच्या कितीतरी बावड्या आहेत. ‘आठशे बावड्या, नऊशे विहिरी’ असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. आकडा अतिशयोक्तीचा मानला, तरी पाऊस संपल्यावर कोरडा पडणाऱ्या या खडकाळ मुलखात राजधानी चालवायची तर पाणी धरून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते, हे त्या बावड्या पाहताना नीट समजते. अलीकडे रोजगार हमीच्या कामांतून त्यांतल्या बऱ्याच बावड्यांचा गाळ उपसला गेला, हे फार चांगले झाले.

याउलट बहुतेकांना रस असतो तो देवगडहून थेट नागपूरला निघणाऱ्या भुयारात. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर ८० किलोमीटरांहून अधिक आहे आणि मध्ये सिलेवानीचा घाट उतरावा लागतो. प्रत्येक किल्ल्याला असे एक भुयार लोक जोडतातच, आणि दंतकथा म्हणून ते गोडही आहे. पण पोरांना ते इतिहास म्हणून सांगू नये.

जतनाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. नव्या सिमेंटने कोपरे गुळगुळीत करण्यापेक्षा भिंतींत रुजलेली पिंपळ-वडाची रोपे वेळेवर काढणे, सुटलेले दगड चुन्यात बसवणे आणि मराठी, हिंदी व गोंडी या तिन्ही भाषांत माहितीफलक लावणे अधिक गरजेचे आहे. गोंडी भाषेचा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण ज्यांच्या पूर्वजांचे हे राज्य होते, ते लोक आजही याच परिसरात राहतात.

जायचे असेल तर पहाटे निघून वाटेत सावनेरला तर्री-पोहे खावेत. त्याआधी थोडे आडवळण घेतले तर अदासा येथील गणपतीची भव्य मूर्ती पाहता येते, आणि सौंसरजवळच्या जामसावळीला निजलेल्या हनुमानाचे दर्शन होते. सौंसर भागात संत्र्यांच्या बागा लागतात आणि बाजारात मराठी सहज कानावर पडते. राज्य बदलल्याचे गाड्यांच्या नंबरांवरूनच कळते. पावसाळ्याच्या अखेरीस गेलात तर सिलेवानीच्या रांगेतला कुकडीखापाचा धबधबाही पाहता येईल, मात्र तेव्हा गडाची वाट निसरडी असते. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. गडावर दुकान मिळेल या भरवशावर राहू नका, पाणी आणि खाणे सोबतच न्या, आणि घाटातून परत यायचे असल्यामुळे दुपारी चारच्या आत गड उतरायला लागा.