'गच्चीवर बसून शहाणपण' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'एक गावभागकर' (गावभाग म्हणजे सांगलीची नदीकाठची जुनी वस्ती) या नावानं आपण लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. सांगलीत घर घेताना जागा कशी पारखावी, या माझ्या लेखावर आपलं म्हणणं थोडक्यात असं: पूर काही दरवर्षी घरात येत नाही, आला तरी चार दिवसांचा, बाकीचे 361 दिवस मंडई, शाळा, डॉक्टर सगळं पायाशी, विश्रामबागेसारख्या पूररेषेबाहेरच्या भागातले भाव सामान्य माणसाला झेपत नाहीत, आणि शेवटी, "विश्रामबागेत गच्चीवर बसून आम्हाला शहाणपण शिकवू नका."

मतभेद असू देत की. पण या शेवटच्या वाक्याशिवाय आपला मुद्दा अडला असता का?

जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. विश्रामबागेतून मंडई दहा मिनिटांवर, असं मी लिहिलं होतं. संध्याकाळी वीस लागतात, गाडी लावायला जागा शोधण्यात आणखी पाच. चूक माझी. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता गच्ची. ती माझी नाही, सोसायटीची आहे आणि किल्ली सेक्रेटरींकडे असते. ते जाऊ दे. माझा जन्म गावभागातला. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं वाढलो. पावसाळ्यात सकाळी चहाच्या आधी "आयर्विनला किती?", म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर, हा प्रश्न आमच्याकडे कुणी शिकवावा लागला नाही. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं.

2005 च्या पुरानंतर वडिलांनी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि पुढची चौदा वर्षं त्या रेघेवर विश्वास ठेवला. 2019 च्या ऑगस्टमध्ये धान्याचे डबे, कागदपत्रं, आईचं शिलाई मशीन, सगळं रेघेच्या हातभर वर रचून ठेवलं आणि मग ते माझ्याकडे यायला तयार झाले. आयर्विनचा आकडा 57 फुटांवर गेला. पाणी रेघेच्याही तीन फूट वर चढलं. असा हिशेब करणारे ते एकटे नव्हते, अर्धी पेठ त्याच हिशेबात बुडाली. आपण म्हणता चार दिवस. अहो, पाणी उतरल्यावर खरं काम सुरू होतं. गाळ काढायला आठवडा गेला, फुगलेली दारं दिवाळीपर्यंत लागत नव्हती, आणि मशीन भंगारात गेलं. वडील नंतर त्या घरात राहायला गेलेच नाहीत. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी भरलं, तेव्हा ते माझ्या घरी टीव्हीसमोर गप्प बसून होते.

तर हे माझं गच्चीवरचं शहाणपण. आपण कुठं राहता हे मी विचारलं नाही, आपणही माझं गृहीत धरायला नको होतं.

बरं, लेखात मी गावभाग वाईट असं कुठं लिहिलंय ते दाखवा. मी एवढंच म्हटलं होतं की सौदा करण्याआधी निळी आणि लाल रेषा नकाशावर बघा. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. 2005, 2019, 2021 ही सालं शेजारी मांडली की त्या 'एकदा'चा काय भरवसा, ते आपणच ठरवा. दुसरं, नदी लांब आहे एवढ्यावर जाऊ नका. कृष्णा फुगली की पाणी नाल्यांतून उलटं आत येतं. शामरावनगरसारख्या सखल भागात तर नदी न चढताही नुसत्या पावसाचं पाणी साचून राहतं. आणि तिसरं, एजंटला नाही, कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारा की 2019 ला पाणी कुठवर होतं. तो हात करून दाखवतो. यात शहाणपण शिकवण्यासारखं काय होतं?

भाव परवडण्याचा मुद्दा आपण काढलात. तो आहेच, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. शाळा आणि डॉक्टर विश्रामबागेतही आहेत.

पुढच्या वेळी जमलं तर स्वतःच्या नावानं लिहा. आणि एकदा चहाला या, वडीलही असतील. त्यांच्यासमोर ते 'चार दिवस' तेवढं म्हणू नका.