मशीनकडे न बघता कायझेन

महिनाअखेर आली, माणशी एक कायझेन, म्हणजे कामातली छोटी सुधारणा, द्यायचाय आणि तुमची शीट कोरी? नाशिकची अंबड एमआयडीसी काय नि सातपूर काय, रडगाणं तेच. घाबरू नका. सर्जनशीलता तीस तारखेला दुपारी चार ते पाच या वेळात येते, तिला बोलवायची रीत तेवढी ठाऊक हवी.

आधी फोटो. 'पूर्वी'च्या फोटोत झाडू आडवा पडलेला, 'नंतर'च्या फोटोत तोच खिळ्याला टांगलेला. आडवा तुम्हीच टाकायचा, हे सांगायला नको. बचत रोज ४ मिनिटं, गुणिले ३०० दिवस: २० तास. वर्षाला २० तास झाडू शोधणारा तो कोण, असं कुणी विचारत नाही.

खरा धोका मशीनवरच्या माणसाचा. तो विचार करतो. समजा, सीएनसी लेथवर २५ मिलिमीटरचा एच-७ बोअर, म्हणजे नेमक्या मापाचं गोल भोक, चाललाय. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, शून्य ते अधिक २१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग तो मायक्रॉन). जानेवारीत, निफाडचा पारा पेपरात झळकतो त्या दिवसांत, पहिल्या पाळीचे पहिले पीस बाद होतात. रात्रभर गारठलेला बॉलस्क्रू, म्हणजे स्लाइड सरकवणारा लांब स्क्रू, चालून तापतो नि लांबतो. पोलाद मीटरमागे दर अंशाला ११-१२ मायक्रॉन वाढतं. २० सेंटीमीटर स्क्रू ५ अंशांनी तापला तरी तेवढाच फरक, आणि व्यासावर दुप्पट. झाली की सगळी टॉलरन्स फस्त! ऑपरेटर हे गणित मांडत नाही, पण त्याच्या तेलकट वहीत वेळ, साइज, दिलेला ऑफसेट (मापाची दुरुस्ती) असं सगळं टिपलेलं असतं. जेवणाच्या सुट्टीनंतर साइज पुन्हा सरकते, हेसुद्धा. अशी वही दिसताच तिला फाइव्ह-एसचा, म्हणजे टापटिपीच्या मोहिमेचा, लाल टॅग लावा: 'अनावश्यक वस्तू'.

तरीही त्याने सुचवलंच, की पाळी सुरू होताना मशीन तापवायला १५-२० मिनिटं स्पिंडल नि स्लाइड रिकामे चालवू, तर उत्पादन बुडेल म्हणा. बाद पिसांनी उत्पादन बुडत नाही. त्यांचं रजिस्टर वेगळं असतं.

मग 'पाच वेळा का': चुकीचं मूळ सापडेपर्यंत 'का' विचारत जायचं. टोयोटाच्या ताइइची ओनोंनी ही पद्धत रूढ केली. त्यांच्याकडे वेळ असावा. तुम्ही पहिल्याच 'का'पुढे 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' लिहा, खाली चारदा 'वरीलप्रमाणे'. उपाय: प्रशिक्षण. दहा मिनिटं उभं करून वाचून दाखवा, सही घ्या.

मार्चात ऊन चढलं की रिजेक्शन आपसूक उतरू लागतं. तो आलेख 'प्रशिक्षणाचा परिणाम' म्हणून बोर्डावर लावा. डिसेंबरात आठवणीने काढा.