एसीत बसून सल्ले : 'एक पालक' यांना उत्तर

नोट्स पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून बघा, असं सांगणाऱ्या अकरावी-बारावी सायन्सच्या अभ्यासावरच्या माझ्या लेखाखाली 'एक पालक' यांनी लिहिलंय : "एसीत बसून सल्ले द्यायला काय जातंय! आमची पोरं सकाळी कॉलेज, दुपारी क्लास करून एसटीनं रात्री गावात पोचतात. नोट्स वाचायलाच वेळ पुरत नाही, पुस्तक मिटून आठवत कधी बसायचं? ही परदेशी संशोधनं आपल्याकडं चालत नाहीत. बोर्डाला पाठांतरच लागतं. लेख पण लांबलचक. वेळापत्रक असेल तर पाठवा."

पालक महोदय, लेख लांबला हे मान्य. हायलायटरवर एवढं लिहायला नको होतं.

आता एसीचं बघू. माझ्या खोलीत पंखा आहे. मे महिन्यात सांगलीत पंखा काय दिवे लावतो ते तुम्हाला ठाऊक असेलच. आणि 'आमची पोरं' म्हणजे काय हो? मी कुठला? माझं घर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. अकरावी-बारावी मी सांगलीला एसटीनं जाऊन-येऊनच केली. ऑक्टोबरात छाटणी झाली की काड्यांना पेस्ट लावायला घरातली सगळी माणसं बागेत, त्यात मीही. परीक्षा आहे म्हणून बागेतनं सुट्टी मिळाल्याचं मला तरी आठवत नाही. तेव्हा वेळ नसणं म्हणजे काय हे तुम्ही मला शिकवू नका. माझ्याबद्दल काहीच माहीत नसताना पहिल्याच वाक्यात माणसाला निकालात काढायचं आणि शेवटच्या वाक्यात त्याच्याकडंच वेळापत्रक मागायचं, ही कुठली रीत?

पुस्तक मिटून आठवण्याचा नाद मला लागला तो त्या एसटीतच. उभ्यानं प्रवास, एक हात वरच्या दांडीला, पाठीवर दप्तर. वही उघडून धरायची सोयच नाही. मग खिशात पोस्टकार्डाएवढा कागद ठेवायचो. एका बाजूला नुसते प्रश्न : लेन्झच्या नियमात उणे चिन्ह कशासाठी? आल्डॉल व्हायला अल्फा हायड्रोजन का लागतो? उत्तरं मागच्या बाजूला. वाटेतलं कवठेएकंद सुटलं की प्रश्न वाचायचे आणि कवलापूर येईपर्यंत कागद उलटायचा नाही. जे अडायचं तेवढंच रात्री घरी वहीत बघायचं, बाकीचं नाही. यात वेळ वाढला की वाचला, तुम्हीच सांगा.

परदेशी संशोधनाबद्दल म्हणाल, तर लेखात मी रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग दिला होता. तुम्ही बहुधा तिथपर्यंत आलाच नाहीत. विद्यार्थ्यांनी एक उतारा सात मिनिटं वाचला. पुढची सात मिनिटं काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. वेळ दोघांना सारखाच. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारेच पुढं होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानं विचारलं तर वाचणारे 42 वर आले आणि लिहिणारे 56 वर होते. वाचून उठल्या उठल्या 'सगळं येतंय' असं जे वाटतं, ते त्या पाच मिनिटांपुरतं खरं असतं. मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत याचीच किंमत मोजावी लागते : चारही पर्याय ओळखीचे वाटतात, पोरगं ठोकून देतं, बरोबर आलं तर चार आणि चुकलं तर एक वजा.

तरी परदेशी म्हणून नकोच असेल, तर लहानपणी दिवेलागणीला तुमच्याकडून पाढे म्हणून घेतले असतील ते उजळणीचं पुस्तक समोर धरून की मिटून? तुमच्या मुलाचा मेंदू काही वेगळ्या कारखान्यात तयार झालेला नाही.

बोर्डाला पाठांतर लागतं, बरं लागू दे. पाठ झालंय की नाही हे पुस्तक मिटल्याशिवाय कळतं कसं, तेवढं सांगा.

वेळापत्रक मी पाठवत नाही, कुणालाच. सांगलीतच विश्रामबागला राहणाऱ्या मुलाचं वेळापत्रक लांब जतच्या मुलाला देणं हा खरा एसीतला सल्ला झाला असता. तुमचं गाव कुठलं, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. गाडी कितीची, क्लास कितीला सुटतो, जेवून किती वाजता झोपतो आणि सीईटी की नीट, एवढं कळवा, मग बघू. सीईटी असेल तर अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका, 20 टक्के प्रश्न त्यातलेच असतात. आणि माहिती मुलालाच लिहू दे. त्याच्याशी माझं काही भांडण नाही.