टोपी-चष्म्याचा मोड लावला म्हणजे गायब झालो?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरत असतो. भरतीच्या ग्रुपवर तो येतो, केळीच्या भावाच्या ग्रुपवर येतो, सोसायटीच्या ग्रुपवरही येतो. थोडक्यात आशय असा: ब्राउझरमधला टोपी-चष्म्याचा गुप्त मोड (इन्कॉग्निटो) लावला की तुम्ही काय पाहता ते पोलिसांनाही कळत नाही. रोज हिस्ट्री पुसली की गुगलकडची माहितीही पुसली जाते. सायबर कॅफेत हा मोड लावला की मागे काही उरत नाही. यात व्हायरस येत नाही, म्हणून बँकेचं काम यातच करा. तिकिटं स्वस्त मिळतात. आणि पूर्णच गायब व्हायचं असेल तर खालच्या लिंकवरून फुकटचं व्हीपीएन घ्या.

अर्धवट खरं असल्यामुळेच हे लोकांना पटतं. मोड खरोखर काहीतरी लपवतो. प्रश्न एवढाच, की कोणापासून?

आधी पोलिसांचं. हा मोड ॲपलच्या सफारीत २००५ साली आला आणि क्रोममध्ये २००८ साली. तेव्हापासून त्याचं काम एकच आहे: खिडकी बंद केली की त्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर हिस्ट्री, कुकीज (साइटने ओळखीसाठी ठेवलेल्या खुणा) आणि फॉर्ममध्ये भरलेला मजकूर ठेवायचा नाही. घरी एकच फोन चार जणांत फिरत असेल तर ही सोय मोलाची आहे. एखाद्या बाईला अंगावरच्या दुखण्याची माहिती हवी असते, एखाद्या पोराला थकलेल्या कर्जाचं काय होतं ते वाचायचं असतं, आणि हे सासूने किंवा मोठ्या भावाने पाहावं असं त्यांना वाटत नाही. त्यात लपवाछपवी काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, त्यात घरातल्यांपासूनचा खासगीपणाही येतो असं मी धरतो.

पण तुमच्या फोनमधून निघालेली मागणी सिमकार्डच्या किंवा वायफायच्या कंपनीतूनच बाहेर जाते. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या आणि कॉलच्या व इंटरनेट वापराच्या नोंदी किमान २ वर्षं ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. साइटच्या पत्त्यापुढे एचटीटीपीएस असेल तर आत कोणतं पान वाचलं किंवा काय टाइप केलं हे कंपनीला दिसत नाही, पण कोणत्या साइटवर गेलात हे बहुधा दिसतं. ज्या साइटवर गेलात तिलाही तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, कळतो. तपास यंत्रणेने कायदेशीर मागणी केली की या नोंदी द्याव्या लागतात. भुसावळ जंक्शनवर रेल्वेचं फुकट वायफाय घेतलंत तर मोबाईल नंबर आणि ओटीपी दिल्याशिवाय ते सुरूच होत नाही. म्हणजे गुप्त मोड उघडायच्या आधीच तुमचा नंबर नोंदला गेलेला असतो. आणि हे लपवलेलंही नाही. क्रोमच्या गुप्त खिडकीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की साइट, तुमचं ऑफिस किंवा शाळा आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी हे पाहू शकतात. ते पान वाचतो कोण, हा वेगळा विषय.

आता हिस्ट्री पुसण्याचं. आपल्या घरच्या वहीतलं पान फाडलं म्हणून अडत्याच्या खातेवहीतली नोंद जात नाही. तुम्ही गुगल खात्यात लॉगिन असताना केलेला शोध आणि यूट्यूबवर पाहिलेलं ब्राउझरच्या हिस्ट्रीशिवाय खात्यातही जमा होत असतं. ते पुसायचं तर गुगल खातं उघडून ‘डेटा आणि गोपनीयता’मध्ये जायचं आणि ‘माझी ॲक्टिव्हिटी’मधून काढायचं. तिथेच ३, १८ किंवा ३६ महिन्यांनी आपोआप पुसण्याची सोय आहे. रोज रात्री हिस्ट्री पुसत बसण्यापेक्षा हे एकदा केलेलं बरं. गुप्त खिडकीतच जीमेल उघडलंत तर त्यानंतरचा शोध तुमच्या खात्याच्या नावावर जमा होऊ शकतो, मग टोपी-चष्म्याचा उपयोग काय?

‘गुप्त मोडमध्ये गुगल बघत नाही’ असं मानणारे फक्त आपल्याकडेच नव्हते. अमेरिकेत २०२० साली याच कारणावरून गुगलवर दावा दाखल झाला. २०२४ साली तडजोड झाली, त्यात गुगलने अशा अब्जावधी नोंदी नष्ट करायचं किंवा त्यातली ओळख काढून टाकायचं मान्य केलं. त्याच वर्षी क्रोमच्या गुप्त पानावरचा मजकूरही बदलला: साइट आणि त्या वापरतात त्या सेवा, गुगलसकट, माहिती कशी गोळा करतात त्यात या मोडने फरक पडत नाही.

सायबर कॅफेच्या दाव्यावर जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे खरं नुकसान तिथेच होतं. पोलीस भरती असो, सीईटी असो, शिष्यवृत्ती असो, तालुक्याच्या गावातला विद्यार्थी फॉर्म भरायला झेरॉक्सच्या दुकानात किंवा ई-सेवा केंद्रावर जातो. तिथे गुप्त खिडकी उघडणं चांगलंच. सगळ्या गुप्त खिडक्या बंद केल्या की त्यातलं लॉगिन सुटतं आणि तुमच्या मागून बसणाऱ्याला तुमचा जीमेल उघडा सापडत नाही. इथवर मेसेज बरोबर आहे.

पण उतरवलेली फाइल गुप्त मोड पुसत नाही. ती डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये पडून राहते. कोणत्याही गजबजलेल्या केंद्रावरचं ते फोल्डर उघडून पाहा: आधार, जातीचा दाखला, गुणपत्रक, बँक पासबुकाचं पहिलं पान, सगळ्या गावाचं. ई-आधारला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं वर्ष. शेजारीच गुणपत्रक पडलेलं असेल तर नाव मिळालंच, आणि वर्ष असं कितीसं अवघड? आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं होतं की सार्वजनिक कॉम्प्युटरवर ई-आधार उतरवू नका, उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा. तिचा चुकीचा अर्थ काढला जाईल म्हणून सरकारने ती सूचना दोनच दिवसांत मागे घेतली. माझ्या मते मागे घ्यायला नको होती.

म्हणून केंद्रातून उठताना फाइल शिफ्ट दाबून डिलीट करा, म्हणजे ती रिसायकल बिनमध्ये जाऊन बसणार नाही. कागद व्हॉट्सॲपवरून दुकानदाराच्या नंबरवर पाठवले असतील तर ते त्याच्या फोनमध्येही आहेत, तिथूनही काढून घ्यायला सांगा. लाज वाटू देऊ नका. व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर घरी पोहोचल्यावर नव्हे, तिथेच आपल्या फोनमधल्या ‘लिंक केलेली डिव्हाइस’मध्ये जाऊन ते बंद करा. चालू राहिलं तर तुमच्या घरातल्या गप्पा दुकानात बसून वाचता येतात.

कॅफेत ‘मागे काही उरत नाही’ हे कायद्यानेही खरं नाही. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार गिऱ्हाइकाचं ओळखपत्र पाहायचं, रजिस्टर ठेवायचं आणि कॉम्प्युटरवरून कोणत्या साइट पाहिल्या त्याच्या नोंदी किमान १ वर्ष जपायच्या. कॉम्प्युटरच्या कप्प्यांमधली आडभिंतसुद्धा साडेचार फुटांपेक्षा उंच नको, असं त्यात आहे. किती ठिकाणी रजिस्टर भरलं जातं हे तुम्ही पाहिलंच असेल, पण नियम आहे.

तिकिटांचं दोन ओळींत. रेल्वेचं भाडं तुमचा ब्राउझर बघून ठरत नाही. दिवाळीत पुण्याहून जळगावला येणाऱ्या ट्रॅव्हल्सचे दर चढतात ते गर्दीमुळे. तिथे गुप्त खिडकीपेक्षा २०१८ चा शासन निर्णय कामाचा: एसटीच्या भाड्याच्या दीडपटीवर खासगी बसने घ्यायचं नाही, घेतलं तर आरटीओकडे तक्रार करा.

राहिला व्हायरस आणि बँकेचा दावा. ब्राउझरमध्ये जोडलेली बाहेरची एक्स्टेंशन्स गुप्त मोडमध्ये सहसा बंद असतात, एवढाच काय तो फायदा. बँकेची नकली साइट गुप्त खिडकीतही नकलीच राहते आणि तुम्ही भरलेला ओटीपी तितक्याच वेगाने चोराकडे जातो. सध्या बरीच फसवणूक होते ती एपीके फाइलमधून, म्हणजे फोनवर थेट ॲप बसवणाऱ्या फाइलमधून: आरटीओचं चलान, पीएम किसानचा हप्ता, लग्नाची पत्रिका. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके तुम्ही हाताने बसवता, त्यात ब्राउझरच्या मोडचा संबंधच येत नाही.

आणि म्हणूनच मेसेजची शेवटची ओळ मला सगळ्यात वाईट वाटते. व्हीपीएन म्हणजे तुमची सगळी ये-जा सिमकार्डच्या कंपनीऐवजी दुसऱ्या कोणाच्या हातात देणं. तो कोण, हे माहीत नसताना फुकट देणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा? नामांकित व्हीपीएनही इथे नियमांबाहेर नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने त्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा नॉर्डव्हीपीएन, एक्सप्रेसव्हीपीएनसारख्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. ग्रुपवरच्या लिंकमधल्या ॲपला तर मालकाचं नावही नसतं.

ते ॲप कोणी बसवलं असेल तर आधी इंटरनेट बंद करा. मग सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत आणि डिव्हाइस ॲडमिनमध्ये त्याला दिलेली परवानगी काढा, मगच ॲप काढा. परवानगी तशीच असेल तर ते निघायला त्रास देतं. बँकेचा पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या फोनवरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन लावा, बँकेच्या शाखेत सकाळी जाऊ म्हणून थांबू नका. आणि ज्या ग्रुपवर ती लिंक आली, तिथे ॲडमिनला सांगून ती काढायला लावा.